तिसरा बाक, खांबाजवळ

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आता ज्याला वकीलच व्हायचंय त्यानं काय करायचं, मागच्या दारानं यायचं? म्हणी करणाऱ्यांचं हे असंच असतं. अर्धवट सांगतात आणि मोकळे होतात.

ही पोरगी ती पायरी चढली ती चांगली नाचत चढली. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि पुढच्याच सोमवारी ती फौजदारी कोर्टात एका जजबाईंच्या हाताखाली सहा आठवडे शिकायला हजर झाली. काळी पँट, पांढरा सदरा, नवेकोरे बूट. बूट दोन्ही टाचांना चावत होते, पण सांगते कुणाला!

कोर्टाच्या कागदपत्रांचा सगळा संसार सांभाळणारे शिरस्तेदार तिच्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "आली का यंदाची उन्हाळी? दरवर्षी एक पीक येतं. पहिला पाऊस पडला की कुठं जातं कुणास ठाऊक." झालं, त्या दिवसापासून तिचं नाव उन्हाळी पडलं. शिपाई, लघुलेखक, वकिलांचे कारकून, सगळे तिला उन्हाळीच म्हणायला लागले. आपणही तेच म्हणू.

शिरस्तेदारांनी पहिल्याच दिवशी नियमांची गोळी दिली. पायावर पाय टाकून बसायचं नाही. मोबाइल बंद. फाइल बाहेर न्यायची नाही. खटल्यातल्या कुठल्याही माणसाशी खटल्याबद्दल बोलायचं नाही. उन्हाळीनं मान डोलावली. त्या वयात मान फार सैल असते.

तिला इथं आणण्यात मामाचा हात होता. हा तिचा मामा तीस वर्षं कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करून देत होता. आधी टाइपरायटर होता, आता संगणक आला, छत्री मात्र तीच. उन्हाळीचे वडील ती लहान असतानाच गेले, आई इस्पितळात नर्स, तिच्या पाळ्या उलट्यासुलट्या. त्यामुळे शाळा सुटली की पोरगी मामाच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. तीस वर्षांत मामा फाटकाच्या आत गेला तो फक्त पाण्याच्या नळापर्यंत. त्यामुळे भाची आत गेली म्हटल्यावर त्याला आभाळ ठेंगणं झालं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "भाची जजच्या शेजारी बसते."

"शेजारी नाही रे मामा, कोपऱ्यात. पंख्याचं वारंसुद्धा येत नाही."

"कोपरा तर कोपरा. कुणाचा कोपरा, ते बघ!"

जजबाई ठेंगण्या, आवाज बारीक, केस घट्ट बांधलेले. त्यांना टेबलावर हातोडा आपटायची वेळ कधी आली नाही. त्या बोलायच्या थांबल्या की खोलीत आपोआप शांत व्हायचं. शिकवायची त्यांची तऱ्हाच निराळी. जुनी फाइल समोर टाकायच्या आणि म्हणायच्या, "यात काय आहे ते मला ठाऊक आहे. काय नाही ते सांग." उन्हाळी दोन-दोन दिवस डोकं खाजवायची. मग तिसऱ्या दिवशी एकदम दिसायचं की अरेच्चा, दिवा लागलेला होता असं सगळे म्हणतायत, पण दिवा होता कुठं ते कुणी लिहिलंच नाही. असं काही सापडलं की जजबाई फक्त "हं" म्हणायच्या. त्या "हं"साठी उन्हाळी जीव टाकायची. चौथ्या आठवड्यापर्यंत तिला असे सहा "हं" मिळाले होते. ती मोजत होती, खोटं कशाला सांगा.

त्या दिवसांत एक खुनाचा खटला चालू होता. एका गोदामाचा म्हातारा रखवालदार. संध्याकाळी सातच्या सुमाराला, अंधार पडता पडता, कुणीतरी त्याच्या डोक्यात लोखंडी पहार घातली आणि पळालं. आठ दिवसांनी म्हातारा गेला. पोलिसांनी धरला तो काचा बसवणारा एक तरुण, सव्वीस-सत्तावीसचा. गोदामाच्या दारात हातगाडी लावण्यावरून त्याची आणि म्हाताऱ्याची बाचाबाची झाली होती, हे चार जणांनी ऐकलं होतं. पण भांडण काय, कुणाचंही होतं. पहारीवर बोटांचे ठसे नव्हते. कपड्यांवर काही मिळालं नाही. सगळा खटला उभा होता एका बाईच्या डोळ्यांवर. गल्लीच्या तोंडाशी तिचं इस्त्रीचं दुकान. मारणारा तिच्या दुकानासमोरून पळाला, दिव्याखाली क्षणभर वळला, आणि तिनं त्याचा चेहरा बघितला. एवढंच. ओळखपरेड पोलिसांनी घेतलीच नव्हती, ओळख पटायची ती कोर्टातच. दोन वर्षं तो पोरगा तुरुंगात होता, आणि दोन वर्षं रखवालदाराची बायको प्रत्येक तारखेला येऊन मागच्या बाकावर बसत होती. कुणाशी बोलायची नाही. पिशवी मांडीवर घेऊन बसायची आणि कोर्ट उठलं की उठायची.

आता जजबाईंची एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. एरवी कुठल्याही कोर्टात आरोपी ठरलेल्या जागी, कठड्यामागे, पोलिसाच्या शेजारी बसतो. मग सरकारी वकील साक्षीदाराला विचारतात, "तो माणूस आज इथे आहे का?" साक्षीदार कठड्याकडे बोट दाखवतो. दाखवणारच! कठड्यामागे दुसरं असतं कोण? जजबाईंना हे मुळीच पटत नसे. "ही ओळख नाही, हा पत्ता आहे," असं त्या म्हणायच्या. म्हणून ओळखणारा साक्षीदार यायचा असला की त्या आरोपीला कठड्यातून काढून लोकांच्या बाकांवर बसवत. आजूबाजूला त्याच वयाचे, त्याच अंगकाठीचे चार-पाच जण. पोलीस साध्या कपड्यांत, मागे. साक्षीदारानं एकेक चेहरा बघायचा आणि मग बोलायचं. सरकारी वकिलांना ही कटकट वाटे. शिरस्तेदारांना तर दर वेळी कॉरिडॉरमधून माणसं गोळा करावी लागत. "कोर्ट आहे का लग्नाचा फोटो," असं ते पुटपुटत, अर्थात जजबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

त्या दिवशी सकाळी जजबाईंनी उन्हाळीला दालनात बोलावलं. "आज इस्त्रीवाल्या बाईंची साक्ष आहे. आरोपीला कुठे बसवायचं ते तू ठरव. शेजारी कोण, तेही तू ठरव."

उन्हाळीला स्वर्ग दोन बोटं उरला. तिनं कॉरिडॉरमध्ये फिरून माणसं निवडली. एका वकिलाचा ड्रायव्हर, कागद पुरवणाऱ्या दुकानाचा नोकर, दोन पक्षकार, एक कारकून. सगळे पंचविशी-तिशीतले, सावळे, सडपातळ. आरोपीला तिनं तिसऱ्या बाकावर, खांब पाठीशी येईल असं बसवलं, ड्रायव्हर आणि कारकून यांच्या मधे. दारात उभं राहून बघितलं. कुणालाही वेगळं काही वाटलं नसतं. जजबाईंनी आत येऊन एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "हं."

सातवा.

पुकारा व्हायला अजून वेळ होता. उन्हाळी पाणी प्यायला बाहेर आली तर बाकावर इस्त्रीवाल्या मावशी. साठीच्या, हाडकुळ्या, उजव्या मनगटावर भाजल्याचे जुने डाग. पदर सारखा नीट करत होत्या. नीटच होता तो.

"बाळा, तू आतली का गं?"

"हो मावशी. पाणी हवंय?"

"पाणी नको. मला आत काय करायचंय ते सांगशील? दोन दिवस घास उतरत नाहीये."

आता पाणी विचारणं हे काही खटल्याबद्दल बोलणं नव्हे. साक्ष कशी होते ते सांगणं हेही नव्हे. उन्हाळीनं सांगितलं. पिंजऱ्यात उभं राहायचं, शपथ घ्यायची, विचारतील तेवढंच बोलायचं, ऐकू आलं नाही तर परत विचारा म्हणायचं. "मग विचारतील, तो माणूस इथे आहे का. असला तर दाखवायचा."

"आणि मला नाही सापडला तर?"

"सापडेल हो."

"दोन वर्षं झाली गं. एवढ्या माणसांत माझा गोंधळ उडाला तर? ते वकील मला उभी फाडतील. आणि ती बिचारी दर तारखेला येऊन बसते, नवरा गेलाय तिचा. तिला मी काय तोंड दाखवू?" मावशींचा हात थरथरत होता. त्यांनी तो उन्हाळीच्या हातावर ठेवला.

"घाबरू नका हो मावशी. तिसऱ्या बाकावर आहे तो. खांबाजवळ."

बस्स. उचलली जीभ, लावली टाळ्याला. परीक्षेत शेजारणीचं अडलं की हळूच उत्तर सांगावं, तितक्या सहज. वाईट हेतू? छे! दया आली पोरीला. दयेनं माणूस जेवढं नुकसान करतो तेवढं रागानंही करत नसेल.

मावशी पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. शपथ झाली, नाव-गाव झालं, ती संध्याकाळ झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, "तो माणूस आज या खोलीत आहे का?"

मावशींनी मान वर केली आणि बोट थेट तिसऱ्या बाकाकडे केलं. पहिल्या बाकाकडे नाही, दुसऱ्याकडे नाही, मागच्याकडे नाही. "तो. खांबाजवळचा."

त्या क्षणी उन्हाळीच्या पायाखालची वाळू सरकली. आत्तापर्यंत तिच्या डोक्यात एकदासुद्धा आलं नव्हतं की आपण काही केलंय. आता एकदम सगळं दिसलं, आणि ते दिसायला दोन दिवस लागले नाहीत.

आरोपीचे वकील उठले. त्यांचं तोंड उतरलं होतं, पण काम केलंच पाहिजे. "पोलिसांनी तुम्हाला आज सकाळी आरोपी दाखवला, बरोबर?"

"नाही दाखवला," मावशी ठणकावून म्हणाल्या. "पोलिसांनी मला काही दाखवलं नाही." आणि कोपऱ्यात बसलेल्या उन्हाळीकडे बघून त्या हलकंसं हसल्या. खोटं कुठं बोलल्या? मुळीच नाही. विचारलं तेवढंच सांगितलं, उन्हाळीनं शिकवलं होतं तसं.

जजबाईंनी लघुलेखकाला सावकाश सांगितलं, "साक्षीदाराने इतरत्र न पाहता, क्षणाचाही विलंब न लावता, आरोपीला ओळखले." आरोपी खांबाला टेकून खाली बघत होता. मागच्या बाकावर रखवालदाराच्या बायकोनं दोन वर्षांत पहिल्यांदा डोळे पुसले.

जेवणाच्या सुट्टीत जजबाई म्हणाल्या, "बघितलंस? अशी ओळख क्वचित मिळते. मला वीस वर्षांत तीन-चारदाच मिळाली." उन्हाळी त्यांच्यासमोर उभी होती. हातातली फाइल तिनं उलटी धरली होती. "बरं नाही का तुला?" जजबाईंनी विचारलं. "ऊन लागलं असेल. घरी जा."

ती घरी गेली नाही, संध्याकाळपर्यंत आवारात रेंगाळली आणि मग मामाकडे गेली. मामा टेबल आवरत होता. तिनं स्टुलावर बसून सगळं सांगितलं. मामानं ऐकता ऐकता संगणकाची वायर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बैस."

"मामा, त्याला जन्मठेप होईल."

"अगं, तिनं ओळखला असताच ना! तिनंच तर बघितलाय. तू काय, देवळात जाणाऱ्याला देऊळ दाखवलंस. आणि समज, तोच खुनी असला तर? तू उद्या तोंड उघडलंस आणि तो सुटला, तर त्या म्हाताऱ्याच्या बायकोला तू काय सांगशील? चूक झाली, माफ करा?"

खरं म्हणजे मामाचं बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं. जगात निम्मं शहाणपण असंच असतं, ऐकायला वाईट आणि खोडून काढायला अवघड.

"आणि तुझं काय?" मामा आवाज खाली आणत म्हणाला. "नऊ दिवस राहिलेत तुझे. जजबाईंच्या सहीचा कागद मिळणार. उद्या वकिलीची सनद घ्यायला जाशील तेव्हा लोक हेच काढतील. मी तीस वर्षं लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतोय, बाळा. खरं बोलून कुणाचं भलं झालेलं मी बघितलं नाही." एवढं बोलून तो स्वतःच ओशाळला आणि छत्री मिटायला लागला. ती काही मिटेना.

उन्हाळी चालत घरी निघाली. वाटेत ती स्वतःची समजूत घालत होती. मावशींनी ओळखलाच असता. एकदा बघितलेला चेहरा, तोही अशा वेळी, माणूस विसरतो होय? आणि मग तिच्या मनात सहज आलं, आरोपीच्या डावीकडे मी कुणाला बसवलं होतं? कारकुनाला. कसा दिसतो तो? सकाळी तिनं स्वतः त्याला निवडला होता. दारात उभं राहून डोळे भरून बघितला होता. आता त्याचं नाक आठवेना, कपाळ आठवेना. मिशी होती? नव्हती? आठ तास झाले नव्हते. ती फुटपाथवर थांबली आणि एका मिशीसाठी तिनं जिवाचं रान केलं. नाहीच आठवली. मग ती तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून रडली. लोक बघत होते, बघू देत.

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरायच्या आधी ती दालनात गेली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, नाही रडली.

जजबाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग त्यांनी तिला प्रश्न विचारले, पिंजऱ्यातल्या माणसाला विचारावेत तसे. "तिनं आधी विचारलं की तू आधी सांगितलंस? नेमके शब्द कोणते? आणखी कुणी ऐकलं? तिनं त्यावर काय म्हटलं?" उन्हाळीनं एकेक उत्तर दिलं. शेवटी जजबाई म्हणाल्या, "माझी पद्धत कशासाठी आहे हे तुला ठाऊक होतं?"

"हो मॅडम."

"मग?"

"त्यांचा हात थरथरत होता."

जजबाईंनी डोळे मिटले. "आठ महिने मी हा खटला ऐकतेय," त्या म्हणाल्या. बारीक आवाज आणखी बारीक झाला होता. "आता मला हे कळलं. मी ते विसरू शकत नाही. त्याला कुठे बसवायचं ते माझ्या दालनात ठरलं, आणि माझ्याच दालनातून ते बाहेर गेलं. मी आता या खटल्यात जज राहिले नाही, जवळजवळ साक्षीदार झाले." मग त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं. "तू सांगितलंस म्हणून मी तुला शाबासकी देणार नाही. सांगायचंच असतं."

"हो मॅडम."

"बाहेर बैस."

त्यांनी दोन्ही वकिलांना बोलावलं, उन्हाळीचं म्हणणं लिहून घेऊन भर कोर्टात वाचून दाखवलं, आणि खटला दुसऱ्या जजकडे पाठवायला सांगितला. सरकारी वकील उन्हाळीकडे असे बघत होते की डोळ्यांनी माणूस भाजत असता तर तिची राख झाली असती. शिरस्तेदारांनी त्या दिवसापासून तिला उन्हाळी म्हणणं सोडलं. "अहो मॅडम" म्हणायला लागले, आणि ते तिला जास्त लागलं. उरलेले आठ दिवस ती रेकॉर्डच्या खोलीत जुन्या फाइलींवर क्रमांक घालत होती. तिला कुणी घालवलंही नाही, आणि बोलावलंही नाही. शेवटच्या दिवशी जजबाईंच्या सहीचा कागद मिळाला. त्यावर एवढंच होतं की ही विद्यार्थिनी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत येथे हजर होती.

मामानं तो कागद वाचला, घडी घातली आणि तिला परत दिला.

महिन्याभरानं खालच्या मजल्यावरच्या कोर्टात तिची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी तिला सोलून काढली. तुम्हाला नियम माहीत होता? होता. तरी सांगितलंत? सांगितलं. आरोपीच्या घरच्यांनी तुम्हाला गाठलं होतं? नाही. कुणाच्या सांगण्यावरून हे बोलताय? कुणाच्याच नाही.

मग इस्त्रीवाल्या मावशींना पुन्हा उभं केलं. नवे जज समजूतदार होते. ते म्हणाले, "बाई, त्या मुलीनं सांगितलं ते विसरा. आता तुम्ही आठवा. ती संध्याकाळ, तो दिवा, तो वळलेला चेहरा. तो चेहरा या माणसाचा आहे का?"

मावशींनी आरोपीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, परत मिटले.

"साहेब," त्या म्हणाल्या, "डोळे मिटले की मला हाच दिसतो. दिव्याखाली पळताना हाच दिसतो. पण त्याच्यामागे तो खांब पण दिसतो."

"कुठला खांब?"

"वरच्या मजल्यावरच्या कोर्टातला. आमच्या गल्लीत खांब नाही, साहेब, तिथला दिवा भिंतीवर आहे." आणि त्यांचा बांध फुटला. "गल्लीतला चेहरा कुठला आणि कोर्टातला कुठला, ते मलाच कळेना झालंय. आधीचा गेला, साहेब. आता किती शोधला तरी सापडत नाही."

यानंतर काही उरलंच नाही. पंधरा दिवसांनी निकाल लागला. पुरावा पुरेसा नाही, आरोपीला सोडून द्यावं.

निकालाच्या दिवशी उन्हाळी आली होती. कॉलेज सुरू झालं होतं, तास बुडवून आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. काचा बसवणारा पोरगा पोलिसांबरोबर सही करायला खाली निघाला, तेव्हा कॉरिडॉरमध्ये तिच्यापाशी थांबला. एवढ्या दिवसांत तिनं त्याचा आवाज ऐकला नव्हता.

"तुम्हीच ना त्या?"

"हो."

त्यानं हात जोडले आणि गेला. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे जीव एकवटून बघितलं. निर्दोष सुटलेला माणूस असाच दिसत असेल, आणि खून पचवलेलाही असाच दिसत असेल. तिला काही म्हणता काही कळलं नाही.

गर्दी पांगली. लांबच्या बाकावर रखवालदाराची बायको बसली होती, पिशवी मांडीवर. उन्हाळी गेली आणि तिच्यासमोर उभी राहिली.

"मावशी, माझ्यामुळे झालं हे. मला माफ करा."

बाईनं वर बघितलं. जागा करून दिली. उन्हाळी शेजारी बसली.

"तू बोलली नसतीस तर त्याला शिक्षा झाली असती," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं.

"हो."

"मग मी घरी जाऊन फोटोसमोर सांगितलं असतं, झालं बाबा एकदाचं. आणि मला वाटलं असतं, तोच होता. मरेपर्यंत वाटलं असतं." तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मला त्याला लटकवायचं नव्हतं गं. मला कळायला हवं होतं. दोन वर्षं मी त्या कळण्यासाठी येत होते."

बाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, जवळ येऊन, आईनं लेकीला विचारावं तसं विचारलं, "तू आत होतीस. सगळे कागद वाचलेस. जजच्या जवळ बसलीस. मला एकटीला सांग, मी कुणाला सांगणार नाही. तोच होता का गं?"

उन्हाळीला वाटलं, हो म्हणावं. नाही म्हणावं. काहीतरी एक म्हणावं आणि या बाईला घरी पाठवावं. त्या हाताचा भार गुडघ्यावर तसाच होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आता कुणालाच माहीत नाही."

बाईनं मान हलवली. हात काढून घेतला, पदर सारखा केला, पिशवी उचलली. माफ केलं म्हणाली नाही, आणि केलं नाही असंही म्हणाली नाही. जिना उतरताना तिनं कठड्याला धरलं होतं. उन्हाळी तिच्यामागून चार पायऱ्या उतरली, मग थांबली, आणि ती फाटकाबाहेर पडेपर्यंत तिथेच उभी राहिली.